केंद्र बंद करण्याचं पत्र

ते पत्र मी रागाच्या भरात लिहिलं, असं आमच्या संस्थेत सगळे समजतात. मी कुणाची समजूत दुरुस्त करायला गेलो नाही. माझ्या रागाची ख्याती इतकी आहे की त्यात आणखी एक पत्र सहज खपून जातं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी अगदी शांत होतो. चार वेळा मसुदा केला, एकेक शब्द तपासला, सही केली आणि कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले. ते पत्र ही माझी चाल होती. माझ्या अंदाजानं संध्याकाळपर्यंत तिचं फळ हातात यायला हवं होतं.

मजकूर एवढाच होता, की निधीअभावी पाथर्डी तालुक्यातलं आमचं सौर रेडिओ निरीक्षण केंद्र बंद करण्यात येत आहे. खांब आणि यंत्रं काढून घेतली जातील आणि जमीन मूळ मालकाला परत केली जाईल. खाली माझी सही. सहीखाली, पत्र खरं वाटावं म्हणून, प्रतींची यादी: जमीनधारक, ग्रामपंचायत, वीज कंपनीचं उपविभागीय कार्यालय.

हे केंद्र म्हणजे एका माळावरच्या खोलगट जागेत उभे केलेले बारा खांब आणि शेजारी एक पत्र्याची खोली. प्रत्येक खांबावर जुन्या टीव्हीच्या एरियलसारखं एक जाळं आहे. सूर्य नुसता उजेड देत नाही, त्याच्यापासून रेडिओ लहरीही येतात. सूर्यावर स्फोट झाला की त्या लहरींचा एकदम गलका उठतो. त्या गलक्यावरून आम्हाला अंदाज येतो, की तिथून निघालेलं काही आपल्या उपग्रहांच्या वाटेवर आहे का. आमचे खांब सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तेवढंच ऐकतात. सूर्याचा स्वभाव साधारण अकरा वर्षांत एक फेरा पुरा करतो. आम्ही सुरुवात केली तेव्हा तो शांत होता. आता तो पेटलेला आहे. तो शांत असतानाची, पेटतानाची आणि पुन्हा निवतानाची नोंद, एकाच जागेवरून, एकाच यंत्रानं, खंड न पडता घ्यायची, एवढंच माझं काम. यात हुशारी थोडी आणि चिकाटी जास्त. मधे सहा महिने खंड पडला, तर पुढचं मागच्याशी जोडताना कुणीही शंका घेऊ शकतं, आणि शंका घेणारे आमच्या धंद्यात पुष्कळ.

सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. वीज जायची, पण बॅटऱ्या होत्या. एकदा वादळात तार तुटली, तेव्हाही नोंद थांबली नाही.

आणि मग आमच्या संचालकांची खुर्ची रिकामी झाली.

जुने संचालक जानेवारीअखेर निवृत्त झाले. नव्यांच्या मुलाखती झालेल्या होत्या, निकाल दिल्लीत कुठंतरी अडकला होता. कोण म्हणे अमुक येणार, कोण म्हणे तमुक, कोण म्हणे सगळ्या मुलाखती पुन्हा होणार. तोवर कारभार एका प्रभारी माणसाकडे दिला. हा माझ्याबरोबरच संस्थेत लागलेला, म्हणून आमचं अरे-तुरे. त्यानंही संचालकपदासाठी अर्ज केला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला मिळालेल्या आदेशात लिहिलं होतं, की त्यानं फक्त दैनंदिन कामकाज पाहावं. ते वाक्य त्यानं फार मनावर घेतलं. संचालकांच्या मोठ्या खोलीत तो एकदाही बसला नाही. स्वतःच्या जुन्या खोलीतच बसायचा आणि आलेल्या प्रत्येक फायलीवर हिरव्या शाईनं लिहायचा: ‘नवीन संचालक रुजू झाल्यावर सादर करावे.’

माझ्या केंद्राची मुदतवाढीची फाईल फेब्रुवारीतच त्याच्याकडे गेली होती. मार्चअखेर निधी संपणार, त्याच महिन्यात जमिनीचा करारही संपणार. मे उजाडेपर्यंत मी सात वेळा त्याच्या खोलीत गेलो. सातही वेळा त्यानं मला चहा पाजला आणि सही केली नाही.

या माणसाबद्दल माझ्या मनात जुनी अढी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका समितीपुढे मी याच केंद्राची कल्पना मांडत होतो. समितीनं माझा आकडा कापला. मी थोडा वर ओढला. त्यांनी पुन्हा कापला, मी पुन्हा ओढला. तेव्हा हा समितीत बसलेला होता. तो इंग्रजीत म्हणाला, हे विज्ञान चाललंय की कांद्याचा लिलाव? सगळे हसले. अध्यक्ष डोळे पुसेपर्यंत हसले. त्या दिवशी मला पैसे मिळाले नाहीत. केंद्र चार वर्षं लांबलं. सूर्याचा एक आख्खा उतार माझ्या हातून गेला. मी हे विसरलेलो नाही, आणि माणसं ‘अरे, तो गमतीत बोलला’ म्हणतात तेव्हा मला आणखी राग येतो.

कारण कांद्याचा बाजार मला खरोखरच ठाऊक आहे. मी नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचा. वडील लवकर गेले. आई आठवडी बाजारात भाजी विकायची आणि मी तिच्याजवळ पोत्यावर बसून गृहपाठ करायचो. पुढं शिष्यवृत्त्या मिळाल्या, वसतिगृहात वाढप्याचं काम केलं, परीक्षा दिल्या. या पोराला जरा पुढे घ्या, असं माझ्यासाठी कुणीही कुणाला सांगितलेलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. आणि घासाघीस मी आईकडून शिकलो.

तिची एक रीत होती. गिऱ्हाईक फारच खाली ओढायला लागलं की ती भाव बोलायचं थांबवायची. पसरलेली वांगी, गवार पाटीत भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची, आणि “लई झालं, चालले मी घरी,” म्हणून पाटीला हात घालायची. पाटी डोक्यावर जायच्या आत हाक यायची. “अगं थांब की! घे तुझ्या भावानं.” तिला खरंच तसं घरी जावं लागलेलं मला आठवत नाही. मी ही रीत आयुष्यभर वापरली. यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचे लोक सूट-बूट घालून येतात. मी लॅपटॉप मिटतो, पिशवी उचलतो आणि लिफ्टपर्यंत चालत जातो. लिफ्ट यायच्या आत ते धावत येतात. फक्त माझ्या लग्नाच्या बैठकीला आईनं आधीच बजावलं होतं, “हितं उठायचं न्हाई. ती मानसं हाक मारनारी न्हाईत.”

केंद्र बंद करण्याचं पत्र म्हणजे माझी पाटी होती. प्रभारी घाबरेल, सहा वर्षांचं केंद्र आपल्या काळात बंद पडलं असं नावाला लागेल म्हणून मला बोलावेल, आणि मुदतवाढीवर सही करील, असा माझा हिशेब.

चूक झाली ती अशी, की बाजारात पाटी उचलणारा आणि हाक मारणारा समोरासमोर असतात. आमच्या संस्थेत मधे आवक-जावक विभाग आहे.

संध्याकाळपर्यंत बोलावणं आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज गेल्यासारखं करून आवक-जावकच्या टेबलापाशी गेलो.

“माझं एक पत्र होतं काल.”

“हो सर. साडेअकराला नंबर पडला. वर पाठवलं. प्रती पोस्टात गेल्या.”

“प्रती गेल्या? इतक्या लवकर?”

“सर, तुमच्या पत्राला आठवडा लागतो म्हणून तुम्ही दर वेळी ओरडता ना?” कारकून मोठ्या अभिमानानं म्हणाला. “म्हणून हे मी स्वतः रजिस्टर पोस्टानं काढलं.”

त्याला काय बोलणार? मी आभार मानले. बहुधा पहिल्यांदाच.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे माळावरच्या त्या जमिनीच्या मालकीणबाई. त्यांचा नवरा ऊसतोडीचा मुकादम. वर्षातले कित्येक महिने तो टोळी घेऊन कोपरगावच्या बाजूला असतो आणि शेतीचं सगळं वहिनीच बघतात. पहिल्या वर्षापासून मी त्यांना वहिनी म्हणतो आणि त्या मला भाऊजी म्हणतात. त्या दिवशी त्या ‘सायेब’ म्हणाल्या.

“सायेब, तुमचं कागुद आलं.”

“वहिनी, ते जरा मी तुम्हाला सांगणारच...”

“वाचलं मी. दोनदा वाचलं. बरं, मग गुरवारी पोकलेन येतोय.”

“पोकलेन? कशाला?”

“शेततळं मंजूर हाय न्हवं आमचं. वर मुरमाड हाय, पानी थांबत न्हाई. आता खालची जागा मोकळी व्हतीया, तर तिथंच घेते म्हनलं. कृषीवाल्यानं येऊन फक्की पन मारली.”

“खणायची रेघ आखली? कुठून?”

“तुमच्या खांबाच्या मधनंच गेलीया. ठिवते.”

ती जागा मी खोलगट आहे म्हणूनच निवडली होती. चारी बाजूंच्या चढामुळं मोबाईल टॉवरचा आणि गावातल्या यंत्रांचा गोंगाट तिथं पोचत नाही. आणि जिथं गोंगाट पोचत नाही, तिथंच पाणी गोळा होतं. वहिनी चुकीचं काहीच करत नव्हत्या. करार संपलेला, भाडं थांबलेलं, आणि जमीन परत करतो असं सहीनिशी लिहिलेला माझा कागद त्यांच्या हातात. गुरुवारी नोंद तुटणार होती, आणि तोडणारा मीच होतो.

तसाच उठून प्रभारीच्या खोलीत गेलो. त्याच्या समोरच्या खुर्चीवर फायलींचा ढीग होता, म्हणून उभाच राहिलो. उभं राहिलं की माझा आवाज आणखी चढतो.

“ते पत्र मी परत घेतोय.”

“कसं घेणार? नंबर पडलाय.”

“मग नवीन पत्र देतो, जुनं रद्द समजा म्हणून.”

“दे ना. त्याच्यावरही मी तेच लिहीन.”

“तेच म्हणजे काय?”

त्यानं ढिगातली वरून तिसरी फाईल ओढली, उघडली आणि माझ्याकडे वळवली. माझं बंदचं पत्र. कोपऱ्यात हिरवी शाई. ‘नवीन संचालक रुजू झाल्यावर सादर करावे.’

मी ते दोनदा वाचलं.

“म्हणजे तू बंद करायला मंजुरी दिली नाहीस?”

“माझ्या आदेशात काय लिहिलंय? दैनंदिन कामकाज. केंद्र चालू ठेवणं हे दैनंदिन नाही, असं मी तुला तीन महिने सांगतोय. मग बंद करणं काय रोजचं आहे?”

मी खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवल्या आणि बसलो. तीन महिने ज्या गोष्टीसाठी मी या माणसाला मनात शिव्या घालत होतो, तिनंच माझं केंद्र वाचवलं होतं. मला हसू आलं, आणि ते आवरेना. तो गोंधळून बघत राहिला.

“तुला काय वाटतं, मला आवडतं हे?” तो म्हणाला. “मी सही केली की उद्या येणारा विचारणार, हे कुणी केलं? नाही केली की तुम्ही सगळे ओरडणार. तू निदान ओरडू तरी शकतोस. मी कुणावर ओरडू? रोज सकाळी उठून फोन बघतो, निकाल लागला का. माझा लागला का, तेही बघतो. खोटं कशाला बोलू?”

इतक्या वर्षांत तो माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. मी विचारलं, “पैसे?”

“पैसे नाहीत. पण बंदही नाही. एवढंच आहे माझ्याकडे.”

एवढं घेऊन मी गुरुवारी पहाटे पुण्याहून निघालो. नगर ओलांडलं, करंजीचा घाट चढलो आणि नऊच्या सुमारास माळावर पोचलो. पोकलेन खोलगटाच्या कडेला उभा होता, सोंड जमिनीवर टेकवून. ऑपरेटर त्याच्या सावलीत बसून चहा पीत होता. फक्कीची पांढरी रेघ खरंच चौथ्या आणि पाचव्या खांबाच्या मधून गेली होती. पत्र्याच्या खोलीतला हिरवा दिवा लुकलुकत होता. आत नोंद चालू होती.

वहिनी डोक्यावर पदर ओढून बांधावर उभ्या होत्या.

“या सायेब. खांब न्यायला आला का?”

“वहिनी, पोकलेन थांबवा.”

“थांबलेलाच हाय. च्या पितोय.”

“कायमचा थांबवा. करारात लिहिलंय, तीन महिने आधी नोटीस लागते.”

“करार मार्चात सपला. पेटीत हाय माज्या, आनू का?”

“हे सरकारी संस्थेचं केंद्र आहे. असं हात लावता येत नाही.”

“कागुद बी सरकारीच हाय. शिक्का हाय, तुमची सही हाय.”

दोन्ही मुद्दे फसले. मग मला जे येतं तेच मी केलं. “ठीक आहे,” म्हणालो. “खणा तुम्ही. मी यंत्रं गाडीत भरतो आणि चाललो.” पाठ फिरवली आणि गाडीकडे चालायला लागलो. पावलं मुद्दाम सावकाश टाकली. गाडीपाशी पोचलो. दार उघडलं. कुणी हाक मारली नाही.

मागून ऑपरेटरचा आवाज आला, “बाई, मग करू का चालू?”

“कर,” वहिनी म्हणाल्या.

पोकलेननं धूर सोडला. मी दार उघडं टाकून पळत परत आलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस ढेकळांतून पळताना कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण ऑपरेटरनं इंजिन बंद केलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

“हाक मारतील वाटलं व्हय?” वहिनींनी विचारलं. त्या हसल्या नाहीत.

मी धापा टाकत उभा.

“सा वर्सं तुमच्या खांबावरनं शेरडं हाकलली आमी. वादळात तार तुटली, तवा तुमी पुन्याहून येईस्तवर आमी दोगं नवरा-बायको पावसात खांब धरून हुतो. आन तुमी पोष्टातनं कागुद पाठवता? जमीनधारक म्हनं! मला नाव न्हाई, गाव न्हाई. दारात येऊन बोलला असता, वहिनी, बंद करतोय, तर मी काय तुमच्या गाडीम्होरं झोपले असते?”

मला त्या समितीची खोली आठवली, हसणारे चेहरे आठवले. या वेळी त्यांच्या जागी मी होतो. म्हणालो, “बंद करायचं नाहीये वहिनी. कधीच नव्हतं. पुण्यात एका माणसानं मला बोलवावं म्हणून ते लिहिलं.”

“मग बोलावलं का त्यानं?”

“नाही.”

“आन आमाला कशापायी मधी घातलं?”

“पत्र खरं वाटावं म्हणून.”

“वाटलं,” वहिनी म्हणाल्या.

मग मी बांधावर बसलो आणि त्यांना सगळं जसं आहे तसं सांगितलं. पैसे नाहीत. भाडं कधी देता येईल ते सांगता येत नाही. संचालक कोण येणार, कधी येणार, आला तर त्याला हे केंद्र हवं असेल का, काहीच माहीत नाही. पण खांब एक महिना जरी हलले तरी सहा वर्षांचं काम अर्धवट राहील, आणि दुसरा फेरा बघायला तेव्हा मी नोकरीत नसेन. एवढं सरळ मी आजवर कोणत्याही सौद्यात बोललो नव्हतो. बोलताना अंगावर कपडे कमी असल्यासारखं वाटत होतं.

“सायेब निवडायला इलेक्शन असतं का तुमच्यात?” त्यांनी विचारलं.

“नाही, मुलाखती असतात.”

“येकच की. कारखान्याचा चेअरमन ठरत न्हाई तवर आमच्या मालकांना बी कुनी धड उत्तर देत न्हाई. जो तो म्हनतो, नवा आल्यावर बघू.” त्यांनी वरच्या बाजूला हात केला. मग म्हणाल्या, “कुंपन मागं घ्या.”

“काय?”

“वरच्या अंगाचं कुंपन. त्या पट्ट्यात सा वर्सांत येक खुटी ठोकली न्हाई तुमी. तिथवर मुरूम लागत न्हाई. ती जागा सोडा, मी तळं तिकडं सरकवते. थोडं उथळ हुईल. व्हऊ द्या.”

सहा वर्षांपूर्वी जागा मागताना मला जेवढी हवी होती त्याच्या दुप्पट मी मागितली होती. समोरचा निम्मी करणार, हे धरूनच. पण वहिनी तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, “घ्या.” मी गाडीत बसून स्वतःवर खूश होत पुण्याला गेलो होतो. आणि नंतर, मागितलीच आहे तर गरज होती असं दिसावं म्हणून, सगळ्या जागेला कुंपण घातलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“खांब मोजता येत्यात की मला. शिकलेला मानूस हाय, लागत असंल कशाला तरी, म्हनलं.”

दोन अटी मी घातल्या, आणि तेवढं तरी त्यांनी ऐकून घेतलं. एक, तळ्यावरची मोटर दिवसा चालवायची नाही. तिच्या ठिणगीचा आवाज आमच्या यंत्राला सूर्यापेक्षा मोठा ऐकू येतो. यावर त्या पहिल्यांदा हसल्या. “दिवसा लाईट असती कुठं, भाऊजी?” दुसरी, मातीचा ढीग खांबांच्या पूर्वेला टाकायचा नाही, नाहीतर उगवता सूर्य झाकला जाईल. त्यांनी ऑपरेटरला ओरडून तसं सांगितलं. त्यांची अट एकच होती. जेवढ्या ठिकाणी बंदचा कागद गेला, तेवढ्या ठिकाणी मी स्वतः जाऊन तो खोटा आहे असं सांगायचं.

वरच्या कुंपणाचे लोखंडी खांब आम्ही दोघांनी मिळून उपटले. दुपारी एकला पोकलेननं पहिली बकेट काढली, फक्कीच्या रेघेपासून चांगली वीस-पंचवीस पावलं वर. मी पत्र्याच्या खोलीत जाऊन पडदा बघितला. सकाळपासूनची नोंद सलग होती. नंतर वीज कंपनीच्या कार्यालयात आणि तिथून ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकानं विचारलं, “म्हणजे पत्र रागात लिहिलं का सर?” मी म्हणालो, हो. ते सोपं होतं.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. ज्यांची नावं रोज चर्चेत होती त्यांतलं एकही नाही. दुसऱ्या संस्थेतून एक बाई आल्या. माझ्याहून वयानं लहान. प्रभारीला पद मिळालं नाही. कॉरिडॉरमध्ये भेटला तेव्हा मला वाटलं तोंड पडलेलं असेल. तो म्हणाला, “काल रात्री आठ तास झोपलो रे.” मी त्याला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. लिलावाची गोष्ट मी त्याला माफ केलेली नाही. पण चहा पाजला.

नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बोलावलं. मोठ्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर माझ्या दोन फायली शेजारी शेजारी होत्या. एक केंद्र चालू ठेवा म्हणणारी, एक बंद करा म्हणणारी. दोन्हींवर माझीच सही, दोन्हींवर तीच हिरवी शाई.

“यातली खरी कोणती?” त्यांनी विचारलं.

“पहिली.”

“आणि दुसरी?”

“ती चूक झाली.”

त्यांनी दुसरी फाईल बाजूला सारली आणि पहिलीतलं अंदाजपत्रक उघडलं. “एवढे खरंच लागतात?”

त्यात मी नेहमीप्रमाणे कापायला म्हणून वर चढवून ठेवलं होतं. उत्तर तयार होतं, गेली पंचवीस वर्षं तयार आहे. ते तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं.

“नाही. यातला एक तृतीयांश कमी करा.”

“मग लिहिले कशाला?”

“लोक कापतात म्हणून.”

“मी अजून काहीच कापलेलं नाही,” त्या म्हणाल्या. पेन उघडलं आणि लिहिताना थांबल्या. “तुम्ही तीन वर्षं मागताय. मी स्वतः आत्ता आलेय. पुढच्या वर्षी मला किती मिळणार, मलाच ठाऊक नाही. एक वर्ष देते.”

एरवी मी तिथं वाद घातला असता. दोन तरी द्या म्हणून अडून बसलो असतो, कदाचित उठूनही उभा राहिलो असतो. मी फक्त ‘चालेल’ म्हणालो. बाहेर आलो, जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसलो आणि शर्टाचं वरचं बटण काढलं. फेब्रुवारीपासून छातीवर कुणीतरी बसलं होतं, ते उठून गेलं होतं. वर-खाली जाणारी माणसं माझ्याकडे बघत होती. बघू दे म्हटलं.

तिथूनच वहिनींना फोन लावला.

“वहिनी, झालं. मंजूर झालं. भाडं मागचं धरून मिळेल. नवा करार घेऊन मी रविवारी स्वतः येतो.”

“किती वर्सांचं?”

“एक.”

“येकच?”

“एकच.”

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. त्या शेतातच असाव्यात.

“म्हंजे म्होरल्या साली पुन्यांदा भांडायचं,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

“भांडू की. जेवायला या रविवारी.”